रेड्याच्या कपाळावरचं कुंकू

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत, पापडाच्या कारखान्याच्या पाठीला पाठ लावून एक उंच पत्र्याची शेड आहे. तिथं चंद्रावर बांधकाम करणारी यंत्रं बनतात, असं मालन परबनं सोसायटीत पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा हळदीकुंकवाला जमलेल्या बायका पोट धरधरून हसल्या.

"चंद्रावर? आणि वायरिंग तू करणार?" शेजारची कुंदा म्हणाली.

"मग काय तुझा नवरा करणार? त्याला घरचा पंखा लावता येईना, आठवडाभर उकडून निघालीस."

मालनचं बोलणं हे असं, समोरच्याच्या तोंडावर दार आपटल्यासारखं. पण तिला जवळून ओळखणाऱ्यांना माहीत होतं, की तिनं नुसतं बोलून सोडलं तर देवाची कृपा समजायची. कारण तिचा हातही जिभेइतकाच जलद होता.

तो हात बापाकडून आलेला. गुणाजी परब कुडाळकडचा, लालबागच्या एका कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. बिऱ्हाड घाटकोपरच्या डोंगरावर. गिरणी कायमची बंद पडली आणि त्याच्या हातांना काम उरलं नाही. मग ते हात पोरांच्या पाठीवर चालू लागले. पट्टा, चप्पल, एकदा तर तव्यावरचा तापलेला कालथा. धाकटा लवू अंथरुणाच्या वळकटीमागं लपायचा आणि मालन मधे उभी राहायची. कालथ्याचा डाग तिच्या डाव्या दंडावर अजून आहे. ब्लाऊजच्या बाहीखाली तो अर्धा दिसतो, अर्धा नाही.

लग्न झालं धाकूशी. तोही त्याच वाणाचा निघाला. एक दिवस त्यानं तिचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं, तेव्हा मालननं ओट्यावरचा बत्ता उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज खालच्या मजल्यावर ऐकू गेला म्हणतात. धाकू लंगडत जो गेला तो परतलाच नाही. कुणी म्हणे नालासोपाऱ्याला दुसरीबरोबर राहतो, कुणी म्हणे मेला. मालननं चौकशी केली नाही. रोज आंघोळ करून देवापुढं दिवा लावायचा, मंगळवारी देवीची ओटी भरायची आणि कपाळावर ठसठशीत कुंकू रेखायचं. "तो असो नाही तर नसो. कुंकू माझं आहे, ते मी माझ्या हातानं पुसणार नाही," एवढंच तिचं म्हणणं.

शेडमधलं काम समजून घेतलं तर हसण्यासारखं नव्हतंच. चंद्रावर हवा नाही, वारा नाही. जिकडंतिकडं राखेसारखी धूळ, आणि ती काचेच्या भुग्यासारखी धारदार. यान उतरायला लागलं की त्याच्या पोटाखालच्या आगीनं ती धूळ छऱ्यांसारखी सुटते आणि आडवं येईल त्याच्या चिंधड्या करते. म्हणून तिथं आधी कोकणातल्या खळ्यासारखी चोपून टणक केलेली जमीन हवी. ते खळं करायला माणूस नाही, तेव्हा यंत्रानंच करायचं. पुढच्या फाळानं धूळ सारखी करायची, लांब हाताला लावलेल्या लोखंडी धुम्मसानं ठोकायची, मग वितळवून तिची फरशी करायची.

शेडच्या मधोमध मोठा खड्डा होता आणि त्यात काळ्या दगडाची पूड भरलेली. तोच यांचा चंद्र. तिकडं वजन सहावा हिस्साच भरतं, म्हणून यंत्राचं धड वरच्या तुळईवरून दोरांनी तोलून धरलेलं असे. धुम्मसाचा हात तेवढा पृथ्वीच्या वजनाचा. डोकं खाली घालून ते धूळ रेटत निघालं की फुरफुरायचं. इंजिनियर लोकांनी त्याला कसलंसं इंग्रजी नाव दिलं होतं. कामगार म्हणायचे रेडा.

रेड्याच्या कपाळावर काचेचा एकच डोळा. खड्ड्याभोवती पिवळी रेघ होती. तिच्या आत कुणी पाऊल टाकलं की डोळ्याला दिसायचं आणि रेडा असेल तसा थिजायचा. डोळ्यापासून आतल्या मेंदूपर्यंतच्या सगळ्या वायरी मालननं ओवलेल्या, म्हणून दुरुस्तीची चावीही तिच्याच ताब्यात असे. ती चावी फिरवली की रेडा डोळ्याशिवाय चालतो. वायर तपासताना ते लागतं. खड्ड्याजवळ कुणी नसताना आणि सरांना विचारून, असा नियम होता.

सर म्हणजे इंजिनियर देवेश. मुलुंडचा, तिशी ओलांडलेला, अंगानं काटकुळा. तोंडानं फटकळ पण पोटात काही ठेवायचा नाही. त्याला गळ घालूनच मालननं लवूला शेडमधे फिटर म्हणून चिकटवलं होतं.

लवूची गोष्ट अशी, की वळकटीमागं लपणारं ते पोर मोठं झालं आणि सगळ्या जगावर धावून जाऊ लागलं. घाटकोपरला मेट्रोखाली गाडी लावण्यावरून भांडण झालं आणि त्यानं समोरच्या माणसाचा जबडा फोडला. कोर्टानं चांगल्या वागणुकीची हमी घेऊन सोडलं, आणि जामीन राहिली मालन. वकिलानं बाहेर येऊन स्वच्छ सांगितलं होतं, "ह्याच्यानंतर कुणावर हात टाकलास तर जुनंनवं सगळं एकत्र होईल. मग बरीच वर्षं आत."

मालननं घरी नेऊन त्याला देव्हाऱ्यासमोर बसवलं. "बाबाचा हात माझ्यातपण आसा, तुझ्यातपण आसा. माझा मी बघतलंय. तुझा तू आवर. तू आत गेलंस तर माका कोण आसा रे?"

"ताये, नाय उचलूचंय," लवू म्हणाला. त्या दिवसापासून मालनचे डोळे वायरींवर असले तरी कान लवूवर असायचे.

नवरात्र चालू होतं. खंडेनवमीच्या आदल्या आठवड्यात लवूनं धुम्मसाच्या सांध्याचा एक बोल्ट इतका आवळला की आटेच गेले. देवेश सगळ्यांसमोर ओरडला, "हातात एवढी ताकद आहे, त्यातली थोडी डोक्यात गेली असती तर बरं झालं असतं!"

वायरिंगच्या पोरी खुदकन हसल्या. पुढच्या क्षणी देवेशची कॉलर लवूच्या मुठीत होती आणि देवेशच्या टाचा जमिनीवरून सुटल्या होत्या. चष्मा खाली पडून चुरा झाला. लवूचा दुसरा हात मागं गेला, मूठ वळली, आणि मालन कुठून आली कुणाला कळलंच नाही. तिनं लवूच्या कानशिलात अशी ठेवून दिली, की त्याचा ओठ दातावर फुटला.

"सोड! सोड म्हणतंय ना!"

लवूनं सोडलं. रक्त गिळलं. देवेशनं कॉलर सारखी केली. "जाऊ द्या, मालनताई. मीही जास्त बोललो. हे मी वर कळवत नाही." त्यानं शब्द पाळला, पण पाहिलं मात्र सगळ्यांनी होतं.

खंडेनवमीला शेड धुवून निघाली. लेथ, ड्रिल, वेल्डिंगचं मशीन, पान्हे, हातोड्या, सगळ्यांना झेंडूची फुलं लागली. पूजा दरवर्षी मालनच करायची. वेल्डर अंबादास नारळ फोडायचा, आणि पूजा झाली की मुहूर्त म्हणून प्रत्येक मशीन क्षणभर चालवून बंद करायचं अशी तिथली रीत. रेड्याची ही पहिलीच खंडेनवमी. मालननं त्याला मोठा हार घातला, पुढच्या चाकापाशी निरांजन ठेवलं, ओल्या बोटानं कपाळावर हळद लावली आणि वर भरघोस कुंकू. कपाळ म्हणजे बरोब्बर तो डोळा. दुसरं कपाळ त्याला होतं कुठं!

लेथ फिरली, ड्रिल फिरलं. रेडा चालेना. पडद्यावर लाल अक्षरं आली. देवेशनं वाकून पाहिलं आणि हसला. "ताई, त्याला आंधळा केलात तुम्ही. कुंकू पुसा, लगेच चालू होईल."

"पुसू?" मालनचा चेहरा बदलला. "पूजेचं कुंकू, आजच्या दिवशी, पुसायचं?"

"अहो, काच आहे ती."

"तुमच्यासाठी काच असेल, सर. मी नाही पुसणार. कुणी पुसायचंही नाही."

अंबादासनंही मान हलवली. "बाई बरोबर बोलतेय, सर. लावलेलं कुंकू आज पुसणं चांगलं नाय."

देवेश वाद घालणारा नव्हता. "बरं, मग आज राहू दे. दसरा झाला की बघू. तोवर त्याला कुणी हात लावू नका." एवढं बोलून तो फोन कानाला लावून बाहेर गेला.

इथंच सगळं संपायला हवं होतं. पण मालनच्या मनात काटा राहिला. पूजा घेतली आणि पाऊल उचललं नाही, म्हणजे वर्षभर हा असाच अडून बसणार. देवीनं पूजा नाकारली की काय? आपलंच काही चुकलं? पोलक्यात खोचलेली चावी तिला टोचायला लागली. तिनं लवूला बाजूला घेतलं.

"तू लाल बटणापाशी रव. एकदाच हात उचलू दे नि खाली येऊ दे. मुहूर्तापुरतो. मी पाठीमागं कपाटाकडे आसंय."

"साहेब नको म्हणालो ना?"

"साहेब बाहेर आसत. खड्ड्यात कोण आसा? कोण नाय. रव म्हटलं ना!"

लवू गेला. रेडा बंद करायचं लाल बटण समोरच्या खांबावर, चावीचं कपाट रेड्याच्या मागं. कपाटाशी कोण आहे हे समोरून दिसत नसे. मालननं हात जोडले आणि चावी फिरवली.

रेडा घुमला. धुम्मसाचा हात हळूहळू वर उठला, झेंडूचा हार त्यावरून ओघळला. पोरींनी टाळ्या वाजवल्या. अंबादासला वाटलं देवीच पावली. "अंबे मात की जय!" म्हणून तो गरजला, आणि त्या गजरात बाजूचं दार उघडून देवेश आत आला. फोन अजून कानालाच होता. त्याच्या लेखी रेड्याचा डोळा झाकलेला होता, म्हणजे रेडा मेलेला होता. हात वर दिसला तो पूजेसाठी साखळीनं ओढून ठेवला असेल, असं त्याला वाटलं. त्याची नजर गेली ती चाकापाशी तेलाच्या नळीला चिकटून जळणाऱ्या निरांजनावर. "अरे, आग लावाल!" म्हणत तो पिवळी रेघ ओलांडून खड्ड्यात उतरला आणि वाकला.

"साहेब!" लवू किंचाळला आणि त्यानं बटणावर बुक्की मारली.

बटणानं वीज जाते, वजन जात नाही. हात वरून निघालेलाच होता.

आवाज मोठा झाला नाही. ओल्या लाकडावर घण पडावा तसा झाला. दगडाची पूड उसळली आणि तिच्या आतून देवेशची किंकाळी आली, माणसाची वाटू नये अशी. गुडघ्याखालचा त्याचा पाय धुम्मसाखाली होता. पूड बाजूबाजूनं काळीची तांबडी होत गेली.

लवूनं पहार घेतली आणि खड्ड्यात उडी टाकली. पहार लोखंडाखाली घुसवून त्यानं खांदा लावला, गळ्याच्या शिरा तटतटल्या. वरून अंबादासनं पाहिलं ते एवढंच, की परवा सरांची कॉलर धरणारा लवू पहार घेऊन सरांच्या अंगावर उभा आहे.

"मारला रे! ह्यानंच चालू केलं! बटणापाशी हाच होता!"

अंबादासनं हाताला लागला तो पाइप उचलला आणि लवूच्या पाठीवर घातला. परत घातला. लवूच्या तोंडातून हवा निघाली, पण पहार सुटली नाही. शेजारच्या गाळ्यातले लोक धावत आले, काय झालं न विचारता त्यांनीही हात धुवून घेतले. कुणी केस ओढले, कुणी बरगडीत लाथ घातली. "सोडलं तर पाय जाईल त्याचा! आधी ओढा त्याला!" लवू ओरडत होता. तोंडातून रक्त उडत होतं. मालननं चावी उपसून पोलक्यात कोंबली, कपाटामागून धावत येऊन देवेशच्या काखेत हात घालून त्याला ओढलं, आणि तो सुटल्यावरच लवूनं पहार टाकली. मग लोकांनी त्याला खड्ड्याबाहेर ओढला आणि मनसोक्त मारला. लवूनं डोक्यावर दोन्ही हात घेतले होते. एकदाही त्यानं ते दुसऱ्या कशासाठी वापरले नाहीत.

मालनला हे दिसलं नाही. तिनं पदर फाडून देवेशच्या मांडीला आवळून बांधला होता आणि गाठीवर गुडघा दाबून बसली होती. देवेशनं वेदनेनं तिच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला, तरी तिनं गाठ सोडली नाही. पापडाच्या टेम्पोतून त्याला घेऊन ती इस्पितळात गेली.

शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारापाशी ती उभी होती. अंगावरचं रक्त वाळून कडक झालं होतं. अंबादासचा फोन आला.

"मालन, तुझ्या भावाला पोलीस घेऊन गेले. खुनाचा प्रयत्न लावतायत. पोलिसांनी विचारलं, कुणी चालू केलं, तर म्हणाला, मी. चावी बहिणीच्या खणातून घेतली म्हणाला. माजला होता ना, आता भोग."

मालनचा हात छातीशी गेला. चावी पोलक्यातच होती, घामानं ओली.

भिंतीला टेकून ती खाली बसली. गावी असती तर देवळात जाऊन कौल लावला असता. पण इथं काय विचारायचं होतं? गप्प बसलो तर आपण सुटतो, लवू जन्माचा आत जातो. तोंड उघडलं तर आपण आत जाऊ, नोकरी जाईल, सोसायटीत तोंड दाखवायला जागा उरणार नाही. एक मन म्हणालं, त्यानं स्वतःहून घेतलंय अंगावर, तू कुठं ढकललंस? त्या मनाची तिला शिसारी आली. लहानपणी ती मधे उभी राहायची तेव्हा कुणाला विचारून राहायची?

दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पाय नाही. समोरच्या बाकावर देवेशची बायको दिशा होती. तिनं डोकं गुडघ्यात घातलं. मालनला तिच्याकडं जाता आलं नाही. ती उठली आणि रिक्षा करून सरळ पोलीस ठाण्यात गेली.

लवू जमिनीवर बसला होता. एक डोळा पूर्ण मिटलेला, ओठ सुजून बाहेर आलेला. मालनला पाहताच त्यानं मान जोरात हलवली. "ताये, घरी जा. गप घरी जा."

"साहेब, चावी मी फिरवली," मालन फौजदाराला म्हणाली आणि चावी टेबलावर ठेवली. "ह्याचा काही संबंध नाही."

फौजदारानं चहा खाली ठेवला. "बाई, बहिणी अशाच बोलतात. त्यानं आम्हाला सगळं लिहून दिलंय. आधीची केस आहे त्याच्यावर, साहेबाची कॉलर धरली होती, चार साक्षीदार आहेत. तुम्ही कशाला मधे पडता?"

"त्याला विचारा, चावी कशी फिरते."

"काय?"

"विचारा तर खरं."

फौजदार वैतागला, पण विचारलं. "काय रे, कुठल्या बाजूला फिरवलीस?"

"उजवीकडे," लवू म्हणाला. मग मालनच्या चेहऱ्याकडं बघून घाईनं म्हणाला, "नाय, डावीकडे."

"आधी आत दाबावी लागते," मालन म्हणाली. "दाबून धरून डावीकडे. नाहीतर हलतसुद्धा नाही. कुणीपण सहज फिरवू नये म्हणून तशी केलीय. चला शेडमधे, त्याला करून दाखवायला सांगा. त्यानं उभ्या जन्मात तिला हात लावलेला नाही."

लवूनं जमिनीवर कपाळ आपटलं. "कशाक इलंस तू! कशाक!"

"का फिरवली?" फौजदाराचा आवाज आता वेगळा होता.

मालननं सांगितलं. कुंकू, पुसायला नकार, सरांची मनाई, मुहूर्त, सगळं. सांगता सांगता तिचं तिलाच ऐकू येत होतं. सर नको म्हणाले होते. देवीनं काही नाकारलं नव्हतं, नाकारलं होतं ते तिनंच. ओल्या फडक्याचा एक हात फिरवायचा होता, बस.

"कुंकवासाठी?"

आवाज दारातून आला. जबाब द्यायला बोलावलेली दिशा तिथं उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. "माझ्या नवऱ्याचा पाय... कुंकवासाठी?"

ती आली तीच हात उगारून. पहिली थप्पड कानावर बसली, मालनचं डोकं झनझनलं. दुसरीला दिशाची बांगडी फुटून गालात रुतली. मग दिशानं तिच्या केसांना धरलं आणि डोकं फायलींच्या लोखंडी कपाटावर आदळलं. "नियम का असतात गं? का असतात?" प्रत्येक शब्दाला एक फटका. हवालदार धावले पण बाईला धरायचं कसं म्हणून घुटमळले.

मालनच्या हाताला सवय होती. तो आपोआप उठत होता, तिनं तो पाठीमागं नेऊन दुसऱ्या हातानं पकडला. पण तिचं लक्ष स्वतःकडं नव्हतंच. दिशाच्या कोपराखालून ती लवूकडं बघत होती.

लवू उभा राहिला होता. नाकपुड्या फुललेल्या, मुठी वळलेल्या. ताईला असा मार बसताना त्यानं यापूर्वीही पाहिलं होतं, वळकटीमागून. तेव्हा लहान होता. आता त्याच्या एका फटक्यात जबडा फुटतो. ठाण्यात, फौजदारासमोर, जखमी माणसाच्या बायकोवर. एकदा तो हात उठला की मालन इथं आली काय अन् न आली काय, सारखंच.

"लवू," ती एवढंच म्हणाली.

लवूनं एक पाऊल टाकलं. मग तो मटकन खाली बसला आणि त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. बंद डोळ्यातूनही पाणी वाहत होतं. "ताये, हलू नको," तो ओरडला. "हलू नको. खाऊन घे. आपलो गुन्हो आसा."

दिशाचा हात हवेत थांबला. तिनं त्या सुजलेल्या, फुटक्या माणसाकडं पाहिलं. यालाच फाशी द्या म्हणून सांगायला ती आली होती. मालनचे केस तिच्या मुठीतून सुटले. ती बाकावर बसली आणि स्वतःच्या तळहाताकडं बघत राहिली. तिथंही काच घुसली होती.

फौजदारानं नवा कागद घेतला. मालनवर हयगयीचा गुन्हा लागला. सही करताना तिच्या गालाचं रक्त कागदावर पडू नये म्हणून हवालदारानं तिला कापूस दिला. लवूला म्हणाला, "ऊठ. खोटा जबाब दिल्याचं नंतर बघतो. आत्ता जा, डॉक्टरला दाखव आधी."

लवू हलेना.

"जा," मालन म्हणाली. "जा म्हटलं ना!"

तो भिंत धरून उठला आणि बाहेर पडला. मालन खिडकीशी सरकली. फाटकाजवळ अंबादास उभा होता, तोही जबाब द्यायला आलेला. लवू त्याच्यासमोर जाऊन थांबला, आणि मालननं खिडकीचा गज धरला. याच माणसाच्या पाइपानं त्याची पाठ फुटली होती. दोघं काही बोलले, तिला ऐकू आलं नाही. अंबादासनं डोक्याची टोपी काढली. मग तो जवळ आला, वाकला, आणि लवूनं आपला हात उचलून त्याच्या खांद्यावर टाकला. लवूची पाठ सरळ होत नव्हती. अंबादासनं त्याला कमरेला धरलं आणि दोघं हळूहळू रस्ता ओलांडून दवाखान्याच्या बाजूला गेले.